ओरखडा न उठवता

आमच्या घरात तांबड्या दाण्यांची एक तसबीह होती. नानांनी ती हजहून आणली, असे अम्मी सांगत. दाणे यमनी अकीकाचे आहेत, असेही त्या सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली येई. नाना गेले तेव्हा मी लहान होते. ती तसबीह मखमली बटव्यात असे आणि बटवा अम्मींच्या पेटीत.

बी.एड.च्या वर्षी भूगोलाच्या पाठासाठी मी खडक-खनिजांचा तक्ता करीत होते. कठीणपणाचे कोष्टक त्यात होते. अकीक सुमारे सात, पोलादी कानस साडेसहा, काच साडेपाच. कानस अकीकावर घासली तर अकीकाला काही होत नाही, काचेवर मात्र ओरखडा उठतो. पुस्तकातले ज्ञान हाताला खाजवू लागले होते. अम्मी जोहरच्या नमाजला उभ्या होत्या. मी पेटी उघडली, एक दाणा बोटांत धरला आणि त्यावरून कानस फिरवली.

ओरखडा उठला. दाणे काचेचे होते.

अम्मी रागावल्या नाहीत. तसबीह हातात घेऊन त्यांनी दाणे एकेक करून पुढे सरकवले. त्या दाण्यापाशी त्यांचे बोट थांबले. "कळलं ना तुला? आता रोज हा दाणा माझ्या बोटाला लागेल," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे इतिहास शिकवता शिकवता मी आपल्या भागातल्या प्राचीन मण्यांविषयी वाचू लागले, तेव्हा हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत राहिला. कारण पुरातत्त्वाच्या शास्त्रालाही नेमका हाच प्रश्न सोडवायचा असतो. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी थडग्यात ठेवलेला एक मणी हाती आला आहे. तो कशाचा आहे, हे कळलेच पाहिजे. पण कळण्यासाठी त्याला इजा करायची नाही.

विदर्भाच्या मातीत असे मणी भरपूर आहेत. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड या परिसरांत मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आढळतात. यांना शिळावर्तुळे म्हणतात. ही लोहयुगातील माणसांची दफनस्थाने. इसवी सनापूर्वी साधारण एक हजार ते तीनशे या काळातली. एकट्या जुनापाणीच्या परिसरात सुमारे तीनशे वर्तुळांची नोंद झाली आहे. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कारनॅक याने एकोणिसाव्या शतकातच तेथे खोदकाम केले आणि त्यातल्या काही वस्तू थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेल्या. माहुरझरीला नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात उत्खनन केले. तेथे मृतांसोबत लोखंडी हत्यारे, तांब्याचे दागिने, घोड्याचे अवशेष आणि मणी सापडले. डेक्कन कॉलेजचे डॉ. आर. के. मोहंती यांनी २००१ पासून काही हंगाम तेथे पुन्हा काम केले. अर्धवट घडवलेले मणी, दगडाच्या कपच्या आणि कच्चा माल पाहता माहुरझरी हे मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते, हे आता सर्वमान्य झाले आहे.

आपले वऱ्हाडही मागे नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेल्या कौंडिण्यपूरला डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी १९६२ ते १९६४ दरम्यान उत्खनन केले. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे, पण दीक्षित हे भारतीय मण्यांचे मोठे अभ्यासक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रेखांकित मण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ सालचे आहे, आणि भारतीय काचेचा इतिहासही त्यांनीच लिहिला. अलीकडे, २०१८-१९ मध्ये, चांदूर बाजार तालुक्यात पूर्णेच्या काठी फुपगाव येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने लोहयुगातली एक वस्ती उजेडात आणली. घरांचे अवशेष, चुली, जाती, लोखंड आणि तांबे यांच्याबरोबर तेथेही अकीक, जास्पर आणि गारेचे मणी निघाले. नागपूरकडची ती थडगी आणि पूर्णाकाठची ही घरे. मेलेल्याच्या गळ्यात जे मणी होते, त्याच जातीचे मणी जिवंत माणसेही वापरीत होती.

यात नवल नाही. वऱ्हाडची काळी जमीन ज्या काळ्या पाषाणातून झाली, त्या पाषाणाचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थरावर थर साचत गेली आणि तिचा अकीक झाला. नांगराच्या फाळाला लागणारी, पोरे नदीकाठी गोळा करतात ती गारगोटी याच घराण्यातली. पाच-दहा गारगोट्या खिशात नसलेला एक मुलगा माझ्या वर्गात सापडणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एखाद्या मण्याला नाव दिले, तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. समजा, एका थडग्यात निळा मणी सापडला. अहवालात कुणी नजरेनेच लिहिले, 'लाजवर्द'. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शांच्या खाणीतला. म्हणजे तेवढ्या एका शब्दाने नागपूरपासून बदख्शांपर्यंत व्यापाराचा रस्ता आखला गेला. त्या रस्त्यावर उंटांचे तांडे आले, व्यापारी आले, श्रीमंत सरदार आला. आणि तो मणी निळ्या काचेचा असेल तर? तर तो सगळा रस्ता हवेत विरतो आणि त्याच्या जागी काचेची भट्टी पेटवणारा कारागीर उभा राहतो. मण्याचे नाव म्हणजे इतिहासाविषयी केलेला दावा असतो. आणि दाव्याला पुरावा लागतो.

नजरेने फसलेल्यांत मोठमोठे लोक आहेत. इंग्लंडच्या राजमुकुटात 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' म्हणून प्रसिद्ध असलेला तांबडा खडा माणिक नाही, स्पिनेल आहे. आपल्या उर्दू-फारसीत या दोघांना वेगवेगळी नावे पूर्वीपासून आहेत. माणिक तो याकूत, आणि बदख्शांचा तो लअ्ल. शायरांनी ओठांना लअ्लची उपमा दिली, पण रत्नपारख्यांना दोन्हींतला फरक ठाऊक होता.

येथे अबू रैहान अल-बिरूनी यांचे नाव घेतलेच पाहिजे. ९७३ साली ख्वारिज्ममध्ये जन्मलेला हा विद्वान आपल्याकडे 'किताबुल हिंद'मुळे ओळखला जातो. त्यांनी गझनीचा सुलतान मौदूद याच्यासाठी रत्नांवर लिहिलेले 'किताबुल जमाहिर' मात्र क्वचितच कुणाला आठवते. रत्नांचे वजन त्यांच्या आकारमानाच्या मानाने किती, हे मोजण्याची त्यांची रीत साधी आणि सुंदर होती. वर निमुळते होत गेलेले एक भांडे, त्याला बाजूने एक तोटी. तोटीपर्यंत पाणी भरायचे. मग वजन केलेला खडा आत सोडायचा. तोटीतून जेवढे पाणी सांडेल, तेवढे तोलायचे. खड्याच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागले की त्या खड्याची घनता कळली. याकूत पाण्याच्या सुमारे चारपट जड, लअ्ल सुमारे साडेतीनपटीहून थोडा अधिक. रंग सारखा, पण पाण्याने निवाडा केला. हजार वर्षांपूर्वीचे त्यांचे अनेक आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. ११२१ च्या सुमारास अल-खाझिनी यांनी 'मीझानुल हिक्मा' या ग्रंथात ही तराजूची विद्या आणखी पुढे नेली. या रीतीत खड्यावर ओरखडाही उठत नाही. खडा जसा पाण्यात गेला तसाच बाहेर येतो.

मी वर्गात हा प्रयोग करते. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू, दोरा आणि पेल्यात पाणी. खडा आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचा. हवेत ५.३० ग्रॅम, पाण्यात ३.३० ग्रॅम. फरक २.०० ग्रॅम. ५.३० ला २ ने भागले, २.६५ आले. ही स्फटिकाची, म्हणजे गारेची घनता. मुलांच्या डोळ्यांत चमक येते. पण प्रयोगाची मर्यादाही मी सांगते. अकीक सुमारे २.६ आणि साधी काच सुमारे २.५. मणी लहान असेल तर एवढ्याशा फरकावर निवाडा देता येत नाही. मण्याच्या भोकात हवेचा बुडबुडा अडकला तरी हिशोब चुकतो. आणि थडग्यातल्या मण्याच्या भोकात जुन्या दोऱ्याचा एखादा तंतू उरला असेल, किंवा जुनी काच वरून सडली असेल, तर त्याला पाण्यात घालणेच चूक.

म्हणून पहिले हत्यार भिंग. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि मागून उजेड. अकीकात थर दिसतात, कधी धुरासारखे ढग दिसतात. काचेत गोल बारीक बुडबुडे दिसतात आणि काच वितळताना झालेल्या वाहाच्या रेषा दिसतात. निम्मे भांडण येथेच मिटते.

त्यानंतर यंत्रे. एक यंत्र क्ष-किरण सोडते. ते पदार्थावर पडले की त्यातले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकते. हे यंत्र आता हातात धरण्याएवढे लहान झाले आहे. संग्रहालयाच्या टेबलावरच मण्यात लोह किती, तांबे किती, शिसे आहे का, कोबाल्ट आहे का, हे कळते. भारतातल्या प्राचीन काचेत पोटॅशची काच आणि अॅल्युमिना जास्त असलेली सोड्याची काच हे मोठे प्रकार आहेत, ते ओळखायला याची मदत होते. पण हे यंत्र वरचा पापुद्राच वाचते. मण्याला थडग्यातली माती चिकटली असेल तर ते मातीचीही साक्ष नोंदवते. सोडियमसारखी हलकी मूलद्रव्ये हातातल्या यंत्राला नीट दिसतही नाहीत.

दुसरे यंत्र आपल्याच देशातल्या शोधावर उभे आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, प्रकाशाच्या विखुरण्याचा जो परिणाम शोधला, त्याच्या आठवणीत आपण दरवर्षी शाळेत विज्ञान दिन साजरा करतो. रांगोळी काढतो, भाषणे करतो. त्या शोधाचा उपयोग मण्यांना होतो, हे मी तरी कोणत्याच भाषणात ऐकले नाही. मण्यावर लेसरचा मंद किरण सोडतात. त्यातला अगदी थोडा प्रकाश रंग बदलून परततो. तो किती बदलला, यावरून आतली अणूंची मांडणी कळते. गारेची खूण ४६४ या आकड्यापाशी उमटते. अकीकात गारेसोबत मोगॅनाइट नावाचे तिचे भावंड असते, त्याची खूण ५०१ च्या आसपास. लाजवर्दची खूण ५४८ च्या जवळ. काचेत अणूंची शिस्त नसते, म्हणून तिची खूण पसरट, ढगासारखी येते. किरण मंद ठेवला तर मण्याला काही होत नाही. यासाठी ना भुकटी लागते, ना कपचा.

नाव कळले म्हणजे सगळे कळले, असे नाही. मण्याची खरी बखर त्याच्या भोकात असते. भोकात मऊ सिलिकॉन भरतात, ते घट्ट झाले की अलगद ओढून काढतात. भोकाचा हुबेहूब साचा हाती येतो. हा साचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सामता कोणत्या जातीचा होता, ते दिसते. वाळूची भुकटी घालून फिरवलेल्या काडीचा माग वेगळा, दगडी सामत्याचा वेगळा, टोकाला हिऱ्याचे कण बसवलेल्या सामत्याचा वेगळा. भोक दोन्ही बाजूंनी पाडले असेल तर मध्यावर ते किती चुकले, हेही दिसते. कारागिराचा हात त्या दिवशी स्थिर होता की नाही, याची नोंद एवढ्या वर्षांनंतरही मण्याच्या पोटात शिल्लक असते.

या खुणा वाचायला संशोधकांना जिवंत कारागिरांनीच शिकवले. गुजरातेत खंबायतला अकीकाचा धंदा आजही चालतो. तेथे धनुकलीने फिरवल्या जाणाऱ्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवतात. जोनाथन मार्क केनोयर, मास्सिमो विदाले आणि बडोद्याचे कुलदीप भान यांनी तेथे बसून हे काम नोंदले. कच्चा दगड भरूचजवळच्या रतनपूरचा. तेथेच बाबा घोर यांचा दर्गा आहे. सिद्दी समाजाचे हे पीर अकीकाच्या धंद्याचेही पीर मानले जातात, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या एका अकीकाला तर 'बाबाघोरी' हेच नाव आहे. पिवळसर दगड राखेत मंद तापवला की त्यातल्या लोहाचे रूप बदलते आणि तो तांबडा होतो, हे या कारागिरांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी ठाऊक होते.

माहुरझरी आणि खाप्याच्या थडग्यांत तांबड्या अकीकावर पांढरी नक्षी असलेले मणी मिळाले आहेत. ही नक्षी कोरलेली नसते, भाजलेली असते. ती कशी करतात, हे १९३३ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी प्रसिद्ध केले. त्यांना ती रीत सिंधमधल्या सेहवानच्या एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितली होती. धुण्याचा सोडा आणि केराच्या कोवळ्या कोंबांचा रस एकत्र करायचा, त्याने मण्यावर नक्षी काढायची आणि मणी निखाऱ्यात ठेवायचा. थडग्यातल्या मुक्या मण्याला त्या म्हाताऱ्याच्या तोंडून वाचा फुटली.

या सगळ्या पद्धती मिळूनही काही दारे बंदच राहतात. अकीक हा अकीक आहे, हे सांगणे सोपे. तो रतनपूरचा की पूर्णेच्या काठचा, हे सांगणे फार अवघड, कारण दोन्हींत बहुतांश सिलिकाच. त्यासाठी अत्यल्प मूलद्रव्ये मोजावी लागतात आणि ती मोजायला लेसरने केसाच्या जाडीएवढा खड्डा पाडावा लागतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण खड्डा तो खड्डाच. तो पाडावा की नाही, हा निर्णय संशोधकाने एकट्याने घेऊ नये, मण्याच्या रखवालदारांना विचारून घ्यावा, असे मला वाटते. मग मला माझी कानस आठवते.

एकदा नववीच्या वर्गात शिळावर्तुळांचा धडा चालू होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मिस, कबर खोदना तो मना है ना?"

वर्ग गप्प झाला. मी लगेच उत्तर दिले नाही. ती म्हणत होती ते खरेच होते. आपल्या कब्रस्तानात गवत काढतानाही आपण पाय जपून टाकतो. ती शिळावर्तुळे ज्यांची आहेत, त्यांची भाषा आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांनी आपल्या मेलेल्या माणसाभोवती धोंडे ओढून आणले, त्याच्या सोबत मणी ठेवले. जाणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, असे त्यांना वाटले असणार. ही माया ओळखायला भाषा लागत नाही.

मी तिला म्हटले, "शेत सपाट करताना, गिट्टीसाठी खडी फोडताना, शहर वाढताना ही वर्तुळे अशीही नाहीशी होत आहेत. ट्रॅक्टर परवानगी विचारत नाही. अभ्यासकाने उघडली तर निदान त्या माणसाची नोंद तरी राहते. पण उघडलेच, तर मग तेथल्या प्रत्येक वस्तूशी अमानतीसारखे वागले पाहिजे. अमानत तोडून पाहायची नसते."

तिचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. ती बसली. पण सुटीत तीन मुले माझ्याकडे आली आणि खिशातल्या गारगोट्या काढून म्हणाली, "मिस, हे भिंगाने बघून सांगा ना."

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती येथेही सांगते. शेतात, नदीकाठी भोक पाडलेला मणी सापडला, तर तो घासू नका, आम्लात टाकू नका, विकू नका. कुठे सापडला ती जागा लिहून ठेवा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. जमिनीतल्या अशा ठेव्यासाठी १८७८ पासूनचा कायदा आहे आणि पुरावस्तूंसाठी १९७२ चा. कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की जागेवरून उचललेला मणी मुका होतो. कोणत्या थरात होता, कुणाच्या गळ्याजवळ होता, हे कोणतेही यंत्र त्याच्याकडून पुन्हा वदवून घेऊ शकत नाही.

अम्मींची ती तसबीह आता माझ्याकडे आहे. मध्यंतरी मी तिचा एक दाणा, ओरखड्याचा नव्हे, त्याच्या शेजारचा, खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून पाहिला. आत एक गोल बुडबुडा स्पष्ट दिसला. त्या दिवशी कानशीने जे सांगितले, तेच भिंगाने सांगितले. अर्धा मिनिटही लागले नाही.

काचेची असली म्हणून तसबीह खोटी ठरली, असे मला आता वाटत नाही. काचेचाही इतिहास आहे. कुणीतरी भट्टीसमोर बसून ते दाणे केले, आणि नानांनी ते प्रेमाने विकत घेतले. खोटे काही असेल, तर नाव खोटे होते. ते दुरुस्त करायला दाणा जखमी करायची गरज नव्हती.

रात्री तसबीह फिरवताना अजूनही एका दाण्यापाशी बोट थांबते.